किल करण्याआधी पेरेंट बघा: कमांड लाइनवर प्रोसेस ट्री कसं वाचायचं

तुम्ही एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) किल करता, म्हणजे बंद पाडता, हुश्श म्हणता, आणि दुसऱ्या क्षणी तीच प्रोसेस नव्या नंबरने पुन्हा हजर असते. परत किल केली तरी परत तेच. लिनक्सवर नवीन असताना हे बहुतेकांच्या वाट्याला येतं. कारण साधं असतं: तिला उभी करणारी दुसरी प्रोसेस, म्हणजे तिची पेरेंट, वर बसलेली असते आणि आपण नुसती खालची छाटत राहतो. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉप कमांडची सपाट यादी ही नाती दाखवत नाही. कोण कोणाच्या पोटातून निघालं हे कळायला प्रोसेसचं ट्री बघावं लागतं आणि ते दाखवणाऱ्या कमांड बहुतेक वेळा तुमच्या मशीनवर आधीच असतात.

लेख मुख्यतः लिनक्ससाठी आहे. मॅकओएस आणि विंडोजबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

वाचताना एक लक्षात ठेवा. कमांड इथे आपण बोलताना उच्चारतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. सगळी अक्षरं छोटी. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. 'पीएस' म्हणजे दोन अक्षरं, 'एएक्सएफ' म्हणजे तीन. डॅश, स्वल्पविराम आणि मोकळी जागा मात्र जशीच्या तशी घ्या. तिसऱ्या पायरीवर कळेल की एका डॅशने किती फरक पडतो.

हाताशी काय हवं

- टर्मिनल, किंवा सर्व्हरवर एसएसएचने (दुरून जोडणाऱ्या कमांडने) लॉगिन. नुसतं बघायला रूट, म्हणजे ॲडमिनचे हक्क, लागत नाही.
- पीएस कमांड. नेहमीच्या डिस्ट्रिब्युशनमध्ये ती असतेच.
- पीएसट्री कमांड. 'कमांड नॉट फाउंड' आलं तर 'पीएसमिस्क' नावाचं पॅकेज टाका. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा, तिन्हीकडे नाव हेच आहे.
- एचटॉप, हवं असेल तर. त्याशिवायही काम भागतं.

एक अडचण आधीच सांगतो. काही सर्व्हरवर ॲडमिनने प्रॉक फाइलसिस्टिम (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोसेसची माहिती जिथे मांडतो ती) 'हाइडपीआयडी' ऑप्शनने माउंट केलेली असते. तिथे तुम्हाला फक्त स्वतःच्या प्रोसेस दिसतात. ट्री अगदीच उघडंबोडकं दिसलं तर कमांडवर शंका घेण्याआधी हे तपासा.

१. दोन नंबर ओळखा

प्रत्येक प्रोसेसला एक पीआयडी असतो, म्हणजे तिचा स्वतःचा नंबर. दुसरा पीपीआयडी, म्हणजे तिच्या पेरेंटचा नंबर. सगळं ट्री या दोन आकड्यांवर उभं असतं.

पेरेंट कसा ठरतो? नवीन प्रोसेस हवी असली की चालू प्रोसेस 'फोर्क' करते, म्हणजे स्वतःची प्रत काढते. मग ती प्रत बहुतेक वेळा 'एक्झेक' करून दुसरा प्रोग्रॅम स्वतःत भरून घेते. एक्झेकने पीआयडी बदलत नाही, नुसतं आतलं सामान बदलतं. म्हणूनच बॅशमध्ये, म्हणजे कमांड घेणाऱ्या शेलमध्ये, टाइप केलेली कमांड बॅशची चाइल्ड म्हणून दिसते.

तुमच्या शेलचे दोन्ही नंबर लगेच बघता येतात:

एको $$
एको $पीपीआयडी

दुसऱ्या ओळीतलं पीपीआयडी पूर्ण मोठ्या अक्षरांत. पहिला आकडा तुमच्या शेलचा, दुसरा त्याच्या पेरेंटचा.

ट्रीच्या मुळाशी पीआयडी १ असतो. आजच्या बहुतेक लिनक्सवर तो सिस्टिमडी, म्हणजे बाकी सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम, असतो. त्याच्या शेजारी पीआयडी २ वर 'केथ्रेडडी' दिसेल. ती कर्नलच्या आतल्या थ्रेडची पेरेंट. पीएसच्या यादीत चौकटी कंसात येणारी नावं, म्हणजे [केवर्कर...] वगैरे, सहसा तिचीच पिलावळ असते. त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्या किल होतही नाहीत.

पीआयडी मोठा म्हणजे प्रोसेस नवी, असं समजू नका. नंबर एका मर्यादेपर्यंत वाढतात आणि मग पुन्हा खालून मोकळे नंबर वाटले जातात. जुन्या सिस्टिमवर ही मर्यादा ३२,७६८ असायची, ६४-बिट कर्नलवर ती ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते. वय बघायचं तर पीएसला 'ईटाइम' किंवा 'एलस्टार्ट' हा कॉलम मागा.

२. पहिलं ट्री: पीएसट्री

नुसतं 'पीएसट्री' टाइप करून एंटर दाबा. अख्ख्या मशीनचं ट्री डावीकडून उजवीकडे पसरलेलं दिसेल. पण नंबर नसतील, आणि नंबर नसलेल्या ट्रीचा फारसा उपयोग नाही. म्हणून सवय याची लावा:

पीएसट्री -पी

एसएसएचने लॉगिन केलं असेल तर तुमची स्वतःची फांदी साधारण अशी दिसेल (नंबर तुमच्याकडे वेगळे असणार):

सिस्टिमडी(१)───एसएसएचडी(८१२)───एसएसएचडी-सेशन(४१०५)───एसएसएचडी-सेशन(४१२०)───बॅश(४१२१)───पीएसट्री(४३०२)

ही ओळ डावीकडून वाचा. ८१२ ही पोर्टवर कान देऊन बसलेली मुख्य एसएसएचडी. तुमचं कनेक्शन आल्यावर तिने ४१०५ काढली. ती रूटच्या हक्काने चालते. तिने ४१२० काढली, जी तुमच्या युजरच्या नावाने चालते, आणि तिने तुमचं बॅश उघडलं. सगळ्यात शेवटी खुद्द पीएसट्री, कारण ती चालू असतानाच तिने हे चित्र काढलं. तुमच्याकडे 'एसएसएचडी-सेशन' ऐवजी तिन्ही ठिकाणी नुसतं 'एसएसएचडी' दिसलं तर गोंधळू नका: सेशनचा हा वेगळा प्रोग्रॅम ओपनएसएसएचच्या ९.८ आवृत्तीत, २०२४ मध्ये आला. त्याआधीच्या आवृत्त्यांत एकच नाव सगळीकडे दिसतं.

आता या ओळीचा व्यवहारातला अर्थ बघा. 'एसएसएचडी अडकली आहे' म्हणून तुम्ही ८१२ किल केली, तर चालू सेशन बहुधा तसंच राहील, पण नवीन लॉगिन बंद होईल. ४१२० किल केली तर तुम्हीच बाहेर. नाव एकसारखं, परिणाम वेगळा.

पीएसट्रीचे आणखी काही ऑप्शन:

- -ए : कमांडचे पूर्ण आर्ग्युमेंट दाखवतो. दहा पायथन प्रोसेस चालू असताना कोणती कोणती स्क्रिप्ट चालवते हे यानेच कळतं.
- -यू : जिथे युजर बदलतो तिथे नाव दाखवतो.
- -एन : नावाऐवजी पीआयडीच्या क्रमाने लावतो.
- -एल : लांब ओळी कापत नाही. मूळ वागणूक स्क्रीनच्या रुंदीला ओळ तोडण्याची आहे आणि उजवीकडचा महत्त्वाचा भाग त्यातच जातो.

नुसत्या पीएसट्रीमध्ये '४*[एनजिनएक्स]' असं काही दिसलं तर त्याचा अर्थ चार सारख्या फांद्या एकत्र गुंडाळल्या आहेत. -पी दिला की त्या सुट्या होतात. महिरपी कंसातली नावं मात्र थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसच्या आत चालणारे कामाचे धागे, असतात, चाइल्ड प्रोसेस नव्हेत. डेटाबेस किंवा जावाचा सर्व्हर चालू असेल तर -पी दिल्यावर या थ्रेडच्या ओळींनी स्क्रीन भरून वाहते. तेव्हा सोबत मोठा टी द्या, थ्रेड लपतात.

३. पीएस, आणि डॅशने होणारी फसगत

नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे, म्हणून जरा थांबून वाचा.

पीएस कमांड दोन परंपरांमधून आली आहे. युनिक्सच्या एका घराण्यात ऑप्शनला डॅश लागतो, बीएसडीच्या घराण्यात लागत नाही. लिनक्सची पीएस दोन्ही प्रकार घेते, आणि एकाच अक्षराचा अर्थ डॅश आहे की नाही यावरून बदलतो. डॅश नसलेला 'एफ' म्हणजे ट्री दाखव. डॅश असलेला '-एफ' म्हणजे जास्त कॉलम दाखव. त्यात ट्रीचा पत्ता नसतो. 'मी तर एफ दिला होता, ट्री का नाही आलं?' या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी हेच असतं.

तर चालणारे प्रकार हे:

पीएस एएक्सएफ

सगळ्या प्रोसेस, ट्रीसह. फांद्या उलट्या तिरप्या रेघेने आणि अधोरेषेने दाखवल्या जातात. यात पीपीआयडीचा कॉलम नसतो, नातं फक्त आत सरकलेल्या नावावरून कळतं.

पीएस एएक्सजेएफ

हेच, पण पीपीआयडी, प्रोसेस ग्रुप आणि सेशनच्या नंबरांसह.

पीएस -ईएफ --फॉरेस्ट

डॅशवाल्यांचा मार्ग. मला हाच बरा वाटतो: युजर, पीआयडी, पीपीआयडी, सुरू झाल्याची वेळ, सगळं एका ओळीत येतं, आणि 'फॉरेस्ट' हा पूर्ण शब्द असल्याने डॅशचा घोळ उरत नाही.

कॉलम स्वतः निवडायचे असतील तर:

पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,युजर,स्टॅट,ईटाइम,सीएमडी --फॉरेस्ट

स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका.

स्टॅट कॉलमकडे बघायला शिका. एस म्हणजे झोपलेली, आर म्हणजे चालू किंवा रांगेत, टी म्हणजे थांबवलेली. डी म्हणजे कशाची तरी, बहुधा डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेजची, वाट बघत अशी अडकलेली की सिग्नलही (किलने पाठवलेला निरोप) घेत नाही. झेड म्हणजे झॉम्बी. त्याबद्दल पाचव्या पायरीवर.

आता सापळा. ट्री बघताना हात आपोआप ग्रेपकडे (शब्द शोधणाऱ्या कमांडकडे) जातो: पीएस एएक्सएफ, मग पाइप (उभी रेघ), मग ग्रेप. याने नावाच्या ओळी मिळतात, पण त्यांच्या वरच्या पेरेंटच्या ओळी गळून जातात आणि फांदी हवेत लटकते. शिवाय ग्रेप स्वतःच यादीत दिसते ते वेगळंच. शोधायचं असेल तर पाइप करून 'लेस -एस' मध्ये उघडा (हा एस मोठा) आणि आत तिरप्या रेघेने शोधा. आजूबाजूची फांदी समोरच राहते, ओळीही मोडत नाहीत.

४. खालून वर जा

अख्खं ट्री बघायची वेळ खरं तर कमीच येते. हातात एक संशयित प्रोसेस असते आणि प्रश्न एवढाच असतो: हिला कोणी सुरू केलं?

आधी नंबर मिळवा:

पीग्रेप -एएफ नाव

इथे 'ए'मुळे पूर्ण कमांड लाइन छापली जाते आणि 'एफ'मुळे पूर्ण कमांड लाइनमध्ये शोध होतो. एफ का लागतो? कर्नल प्रोसेसचं छोटं नाव फक्त १५ अक्षरांपर्यंत ठेवतो. तुमच्या प्रोग्रॅमचं नाव त्याहून लांब असेल, तर एफ न देता पूर्ण नावाने शोधल्यावर पीग्रेप काहीच सापडलं नाही म्हणते आणि तुम्ही प्रोसेस बंद आहे असं समजून बसता.

मग नंबर घेऊन:

पीएसट्री -एसएपी ४५६७

यातला 'एस' कामाचा. तो दिलेल्या प्रोसेसपासून पीआयडी १ पर्यंतचे सगळे पूर्वज दाखवतो, आणि खाली तिची पिल्लंही. उत्तर साधारण असं वाचायचं: वर 'क्रॉन' दिसला तर ती ठरलेल्या वेळापत्रकाने सुटली आहे. 'एसएसएचडी' आणि बॅश दिसलं तर कोणीतरी लॉगिन करून हाताने चालवली आहे. 'टीमक्स' (लॉगआउटनंतरही सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम) दिसला तर तीही हाताने चालवलेलीच, पण ते सेशन कोणी उघडलं हे ट्रीवरून कळणार नाही, कारण टीमक्सचा सर्व्हर लॉगिनच्या फांदीपासून तुटून वेगळा राहतो.

फक्त थेट पिल्लं हवी असतील तर 'पीग्रेप -पी' आणि पुढे पेरेंटचा नंबर. हा पी मोठा.

५. ट्री खोटं बोलल्यासारखं वाटतं तेव्हा

पेरेंट आधी संपली आणि चाइल्ड चालू राहिली, तर ती चाइल्ड अनाथ होते. अनाथ प्रोसेसला कर्नल लगेच नवा पेरेंट नेमून देतो, बहुधा पीआयडी १. त्यामुळे पीपीआयडी १ दिसला म्हणजे ती सिस्टिमडीनेच सुरू केली, असा निष्कर्ष काढू नका. कोणीतरी बॅकग्राउंडला सोडून लॉगआउट केलेली स्क्रिप्टही अशीच दिसते. ट्री म्हणजे आत्ताच्या क्षणाचा फोटो आहे, इतिहास नव्हे.

त्यात आणखी एक मेख आहे. लिनक्स ३.४ पासून, म्हणजे २०१२ पासून, एखादी प्रोसेस स्वतःला 'सबरीपर' जाहीर करू शकते आणि आपल्या खालच्या अनाथांना स्वतःकडे घेते. डेस्कटॉपवर युजरचा वेगळा सिस्टिमडी असतो, तो हेच करतो. म्हणून तिथे अनाथ प्रोसेस पीआयडी १ खाली न सापडता त्याच्याखाली सापडतात.

झॉम्बीचा प्रकार उलटा. चाइल्ड संपलेली असते, पण पेरेंटने तिचा निकाल वाचून घेतलेला नसतो, म्हणून यादीत तिची नोंद तेवढी उरते. नावापुढे 'डिफंक्ट' लिहिलेलं दिसतं. तिला किल करत बसू नका, मेलेल्याला काय मारणार? ती मेमरी किंवा सीपीयू खात नाही, फक्त एक नंबर अडवते. एकदोन असतील तर दुर्लक्ष करा. ढीग वाढत असेल तर पीपीआयडी बघा. दोष पेरेंटच्या कोडमध्ये आहे. पेरेंट बंद केली की झॉम्बी नव्या पेरेंटकडे जातात आणि तो त्यांना साफ करतो.

क्षणभर येऊन जाणाऱ्या प्रोसेस या फोटोत सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी एखाद्या पेरेंटवर 'एसट्रेस -एफ' (तिच्या आणि पिल्लांच्या हालचाली नोंदवणारी कमांड) लावणं किंवा बीसीसी टूल्समधलं, नव्या प्रोसेस टिपणारं 'एक्झेकस्नूप' चालवणं हा मार्ग आहे. त्याला रूट लागतं.

६. सर्व्हिस असेल तर सिस्टिमडीला विचारा

पीपीआयडी १ वर गाडी अडली की पुढची कमांड ही:

सिस्टिमसीटीएल स्टेटस ४५६७

इथे सर्व्हिसच्या नावाऐवजी थेट पीआयडी देता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती प्रोसेस कोणत्या युनिटची (सिस्टिमडी सांभाळतो त्या सर्व्हिसची) आहे ते लगेच समोर येतं, आणि खाली त्या युनिटचं छोटं ट्रीही. सिस्टिमडी हा हिशोब सी-ग्रुपमधून, म्हणजे कर्नलमधल्या प्रोसेसच्या गटांमधून, ठेवतो, पीपीआयडीवरून नाही. त्यामुळे मधला पेरेंट मेला तरी नातं पुसलं जात नाही. सगळ्या मशीनचं असं चित्र हवं असेल तर 'सिस्टिमडी-सीजीएलएस'.

सुरुवातीला सांगितलेल्या, किल करूनही परत येणाऱ्या प्रोसेसचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं: युनिटमध्ये 'रिस्टार्ट=ऑलवेज' लिहिलेलं असतं. अशी प्रोसेस किल करायची नसते, 'सिस्टिमसीटीएल स्टॉप' आणि युनिटचं नाव द्यायचं असतं. मूळ सेटिंगमध्ये स्टॉप केल्यावर त्या सी-ग्रुपमधल्या सगळ्या प्रोसेस बंद होतात, अनाथांसकट.

७. किल करायचंच असेल तर

पेरेंट किल केली की पिल्लं आपोआप मरतात, हा गैरसमज आहे. ती अनाथ होऊन चालू राहू शकतात. क्रम असा ठेवा:

आधी पीएसट्री -एसएपी ने फांदी बघा. मग पेरेंटला साधा किल द्या, म्हणजे सिग्नल १५. नीट लिहिलेला प्रोग्रॅम यावर आपली पिल्लं स्वतः आवरतो. थोडं थांबून पुन्हा बघा. पिल्लं उरली असतील तर प्रोसेस ग्रुपचा नंबर, म्हणजे पीजीआयडी, पीएस एएक्सजेएफ मधून घ्या आणि तो उणे करून द्या:

किल -- -४५६७

उणे चिन्हामुळे सिग्नल पूर्ण ग्रुपला जातो. नंबर दोनदा तपासा, आणि ग्रुपमध्ये तुमचं स्वतःचं शेल नाही ना, हेही. किल -९ अगदी शेवटी, कारण त्यात प्रोग्रॅमला आवराआवरीची संधीच मिळत नाही.

८. डोळ्यांसमोर हलतं ट्री

एचटॉप उघडून एफ५ दाबा. टॉपमध्ये मोठा व्ही दाबल्यावर ट्री येतं आणि छोट्या सी ने पूर्ण कमांड दिसते. एकाच फांदीवर नजर ठेवायची तर 'वॉच -एन २ पीएसट्री -पी ४५६७' पुरतं.

९. कंटेनरच्या आत

कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या टूलने प्रोग्रॅमसाठी वेगळ्या ठेवलेल्या जागेत) गेलात की पीआयडी १ वर सिस्टिमडी नसून तुमचा ॲप्लिकेशनच बसलेला असतो. बाहेर होस्टवर त्याच प्रोसेसचा नंबर वेगळा असतो. दोन्ही नंबर हवे असतील तर होस्टवर /प्रॉक/पीआयडी/स्टेटस या फाइलमध्ये (पीआयडीच्या जागी आकडा) 'एनएसपीआयडी'ची ओळ बघा (पहिली दोन अक्षरं मोठी). 'डॉकर एक्झेक' ने उघडलेल्या शेलचा पीपीआयडी आतून ० दिसतो. तो बिघाड नाही. त्याचा पेरेंट कंटेनरच्या बाहेर असल्याने आतून दाखवताच येत नाही.

इथे झॉम्बी जास्त साठतात, कारण अनाथांना साफ करायचं काम तुमच्या ॲप्लिकेशनवर येऊन पडतं आणि ते त्यासाठी लिहिलेलं नसतं. कंटेनर सुरू करताना डॉकरला '--इनिट' ऑप्शन द्या, म्हणजे ही साफसफाई एक वेगळी छोटी प्रोसेस करते.

छोट्या इमेजमध्ये पीएससुद्धा नसते. तेव्हा प्रत्येक प्रोसेसच्या त्याच स्टेटस फाइलमध्ये ग्रेपने 'पीपीआयडी'ची ओळ शोधा (पहिले दोन पी मोठे, पुढची दोन अक्षरं छोटी). पीएस आणि पीएसट्री हा आकडा प्रॉकमधूनच उचलतात.

१०. लिनक्सबाहेर

मॅकओएसवर पीआयडी १ म्हणजे लाँचडी. तिथल्या पीएसला --फॉरेस्ट कळत नाही. 'पीएस -एएक्सओ पीआयडी,पीपीआयडी,कमांड' ने नंबर मिळतात. होमब्रूमधून पीएसट्री टाकता येते, पण तो वेगळाच प्रोग्रॅम आहे: तिथे -पी ला पुढे नंबर द्यावा लागतो आणि ती त्या प्रोसेसची फांदी दाखवते. फ्रीबीएसडीवर पीएसला -डी दिला की ट्री येतं.

विंडोजवर टास्कलिस्ट पेरेंट दाखवत नाही. पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स विन३२_प्रोसेस चालवून प्रोसेसआयडी, पेरेंटप्रोसेसआयडी आणि नाव हे कॉलम निवडा. विंडोज अनाथांना नवा पेरेंट देत नाही, जुनाच नंबर तसाच राहतो आणि तो नंबर मधल्या काळात दुसऱ्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो. म्हणून क्रिएशनडेट हा कॉलमही घ्या. पेरेंट चाइल्डपेक्षा नंतर सुरू झालेली दिसली तर ती तिची पेरेंट नाही.